घड्याळ तिकडे सरकते, त्रास इकडे होतो

नोव्हेंबरचा पहिला रविवार होता. रात्री सव्वानऊच्या सुमारास साठी ओलांडलेल्या एका मावशींना घरच्यांनी रिक्षातून तेरच्या आमच्या सरकारी रुग्णालयात आणले. अंग घामाने थबथबलेले, हात थरथरत होते आणि बोलणे असंबद्ध. "वारं गेलं का काय, डॉक्टरसायेब?" सून रडत विचारत होती. बोटाच्या टोकातून रक्ताचा थेंब घेऊन साखर तपासली. ती निघाली ४८. शिरेतून ग्लुकोज दिल्यावर काही मिनिटांतच मावशी भानावर आल्या आणि त्यांनी पहिला प्रश्न केला, "लेकीचा फोन ठिवला का चालू हाय?"

साखर एवढी का उतरली, याचे उत्तर त्या प्रश्नातच होते. मावशींना बारा वर्षांपासून मधुमेह आहे. सकाळी आणि रात्री जेवणाआधी त्या इन्सुलिन घेतात. लेक अमेरिकेत, न्यूजर्सीला. दर रविवारी रात्री बरोबर आठला तिचा व्हिडिओ कॉल येतो. मावशींचा नेम ठरलेला : पावणेआठला सुई, आठला लेकीशी दहा-पंधरा मिनिटे बोलणे आणि मग जेवण. "तिचं तोंड बघितल्याबिगर घास उतरत न्हाई," असे त्या सांगतात. त्या रविवारी सुई वेळेवर घेतली गेली, पण फोन आला नाही. सव्वाआठ झाले, साडेआठ झाले. सुनेने ताट वाढले, तर मावशी म्हणाल्या, "येईल की आता." फोन आला तो नऊला. आईचे बोलणे तुटक येतेय, हे लेकीनेच तिकडून पाहिले आणि वहिनीला हाक मारून दवाखाना गाठायला लावले.

दुसऱ्या दिवशी लेकीशी माझे बोलणे झाले. "डॉक्टर, मी उशीर केलाच नाही. नेहमीसारखा सकाळी साडेदहालाच फोन लावला." ती खरे सांगत होती. मावशींचेही काही चुकले नव्हते. दोघीही आपापल्या घड्याळाप्रमाणे वेळेवर होत्या. पण त्याच पहाटे अमेरिकेतील घड्याळे एक तास मागे घेतली गेली होती. आदल्या रविवारपर्यंत तिकडचे साडेदहा म्हणजे आपले रात्रीचे आठ. त्या दिवसापासून तिकडचे साडेदहा म्हणजे आपले नऊ.

घड्याळ का सरकवतात?

उन्हाळ्यात दिवस मोठा असतो, तो उजेड सकाळी झोपेत वाया न जाता संध्याकाळी वापरता यावा म्हणून घड्याळ तासभर पुढे करायचे आणि हिवाळ्याच्या तोंडावर पुन्हा मागे घ्यायचे, अशी ही पद्धत. पहिल्या महायुद्धात, १९१६ मध्ये जर्मनीने ती देशभर लागू केली आणि मग इतर देशांनी उचलली. विषुववृत्तापासून दूरच्या देशांत तिला काही अर्थ आहे. लंडनला जूनमध्ये दिवस साडेसोळा तासांचा असतो आणि डिसेंबरमध्ये आठ तासांचाही भरत नाही. आपल्या तेरला मोठ्यात मोठा दिवस आणि लहानात लहान दिवस यांत फरक जेमतेम दोन तासांचा. म्हणून आपल्याला त्याची गरज भासत नाही.

तरीही भारताला हा प्रकार अगदीच अनोळखी नाही. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ ते १९४५ या काळात आपली घड्याळेही तासभर पुढे केली होती. त्याआधी १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ आली, तेव्हा मुंबई महापालिकेने आपली जुनी 'बॉम्बे टाइम' सोडायला नकार दिला. ती प्रमाणवेळेपेक्षा ३९ मिनिटे मागे होती आणि पालिकेने ती १९५५ पर्यंत चालवली. एकाच शहरात रेल्वेची वेळ वेगळी आणि पालिकेची वेगळी. अमुक वाजता भेटू म्हटले की 'कोणत्या टायमाने?' हे विचारावे लागणारच.

आज तो प्रश्न मराठवाड्यातील खेड्यात येऊन पोचला आहे.

शेजारची दोन राज्ये, दोन नियम

बत्तीस वर्षांचा एक संगणक अभियंता ओपीडीत आला. पुण्यातील कंपनीत नोकरी, पण लॉकडाउनपासून गावातूनच काम. तक्रार छातीत जळजळीची आणि डोके जड राहण्याची. रक्तदाब १५० वर ९६. त्याच्या वयाला हा आकडा बरा नव्हे. दिनक्रम विचारला, तेव्हा त्याने मोबाइलमधले बैठकांचे वेळापत्रकच पुढे धरले.

त्याच्या रोज रात्री दोन बैठका असतात. एक अॅरिझोना राज्यातील फिनिक्सच्या लोकांबरोबर, त्यांच्या सकाळी आठला. दुसरी शेजारच्याच कॅलिफोर्नियातील लॉस एंजेलिसच्या ग्राहकाबरोबर, त्यांच्या सकाळी नऊला. कॅलिफोर्निया घड्याळ सरकवतो. अॅरिझोना सरकवत नाही. तिथले उन्हाळे इतके कडक की संध्याकाळी आणखी ऊन कोणाला नको असते. गंमत म्हणजे त्याच अॅरिझोनातील नवाहो या मूळनिवासी लोकांचा प्रदेश मात्र घड्याळ सरकवतो.

परिणाम असा, की उन्हाळ्यात दोन्ही शहरांत एकच वेळ असते. तेव्हा आमच्या अभियंत्याच्या बैठका रात्री साडेआठ आणि साडेनऊला, लागोपाठ. साडेदहाला तो मोकळा. नोव्हेंबर लागला की फिनिक्सची बैठक साडेआठलाच राहते, पण लॉस एंजेलिसची साडेदहाला जाते. मध्ये तासभर नुसते बसून राहायचे आणि सुटका साडेअकराला. जेवण त्यानंतर, झोप एकला आणि सकाळी साडेसहाला मुलाची शाळेची गाडी. "सर, आपल्याकडं घड्याळ हलत नाही, पण मीच हलतोय," तो म्हणाला.

शरीराचे घड्याळ

आपल्या शरीरातही एक घड्याळ आहे. मेंदूच्या तळाशी, डोळ्यांकडून येणाऱ्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात, त्याच्या थोडे वर पेशींचा एक छोटा पुंजका असतो. डोळ्यांतून येणाऱ्या उजेडावरून तो दिवस-रात्र ओळखतो आणि यकृत, स्वादुपिंड, हृदय यांच्या स्वतःच्या घड्याळांना वेळ लावून देतो. ही घड्याळे पेशीच्या आत कशी चालतात, हे उलगडल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

नेहमीच्या झोपेआधी साधारण दोन तास शरीरात मेलॅटोनिन पाझरू लागते आणि झोपेची तयारी सुरू होते. लॅपटॉपचा उजेड डोळ्यांवर असेल तर ते लांबते. रात्र वाढते तशी साखर पचवण्याची क्षमताही कमी होत जाते. तीच दोन भाकरी आणि तीच आमटी आठला खाल्ली, तर साखर जितकी वाढते, त्यापेक्षा साडेअकराला जास्त वाढते.

एका तासाने असे काय होते, असे वाटेल. स्वीडनमधील १९८७ ते २००६ या वर्षांच्या नोंदी तपासून २००८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वसंतात घड्याळ पुढे केल्यानंतरच्या आठवड्यात तिथे हृदयविकाराचे झटके सुमारे पाच टक्क्यांनी वाढलेले दिसले. हा आकडा ज्यांचे घड्याळ हलते त्यांचा आहे, तो जसाच्या तसा आपल्याला लावता येणार नाही. पण झोपेतला एक तासही शरीर हिशेबात धरते, एवढे त्यावरून नक्की कळते. अमेरिकेतील निद्रातज्ज्ञांच्या संघटनेनेही २०२० मध्ये घड्याळ सरकवणे बंद करून वर्षभर प्रमाणवेळच ठेवावी, अशी भूमिका घेतली.

काय करावे?

पहिली गोष्ट, तारखा लक्षात ठेवा. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे जाते आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येते. ब्रिटन आणि युरोपात मार्चचा शेवटचा रविवार आणि ऑक्टोबरचा शेवटचा रविवार. म्हणजे मुलगा लंडनला आणि मुलगी न्यूजर्सीला असेल, तर मार्चमध्ये दोन-तीन आठवडे आणि शरद ऋतूत एक आठवडा त्या दोघांतलेही अंतर बदललेले असते. आपल्यापुरते सूत्र सोपे : वसंतात त्यांचे फोन तासभर लवकर येणार, हिवाळ्याच्या तोंडावर तासभर उशिरा. सिडनी-मेलबर्नचे याच्या उलट. तिथे ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी पुढे आणि एप्रिलच्या पहिल्या रविवारी मागे. आणि ऑस्ट्रेलियातच असलेले ब्रिस्बेन वर्षभर आहे तिथेच.

दुसरी, औषध आणि जेवण यांची गाठ फोनशी बांधू नका. इन्सुलिन घेतले की ठरलेल्या वेळी ताटावर बसायचेच, मग फोन कोणाचाही येवो. डोस किंवा वेळ स्वतःच्या मनाने बदलू नका. घाम, थरथर, धडधड, भूक, गोंधळल्यासारखे होणे ही साखर उतरल्याची लक्षणे. माणूस शुद्धीत असेल आणि गिळू शकत असेल, तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या, पंधरा मिनिटांनी साखर पुन्हा तपासा आणि मग जेवू घाला. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा.

तिसरी, रात्रीच्या बैठका असणाऱ्यांनी बैठकीआधीच, आठच्या आत जेवून घ्यावे. संध्याकाळी पाचनंतर चहा-कॉफी नको. झोपायची आणि उठायची वेळ सुट्टीच्या दिवशीही फार बदलू नये आणि उठल्यावर अर्धा तास उजेडात फिरावे. शरीराचे घड्याळ लावायला सकाळच्या उन्हासारखे दुसरे औषध नाही.

चौथी गोष्ट गोळीने होत नाही. ती म्हणजे बोलणे. बैठक कोणाच्या घड्याळावर बांधली आहे, हे एकदा विचारा. अभियंत्याला मी तेच सांगितले. त्याने दोन्ही बैठका न सरकणाऱ्या फिनिक्सच्या वेळेवर ठेवण्याची विनंती केली. आपली बैठक हिवाळ्यात भारतात रात्री साडेदहाला जाते, हे लॉस एंजेलिसच्या मंडळींच्या ध्यानातच आले नव्हते. आता हिवाळ्यात ते सकाळी आठला बसतात आणि हा साडेदहाला मोकळा होतो. तीन महिन्यांनी रक्तदाब १३२ वर ८४ आला. त्यात कमी मिठाचा आणि सकाळच्या चालण्याचाही वाटा आहे, हे सांगायला हवे.

तेरला बाहेरच्या जगाशी व्यवहार नवा नाही. दोन हजार वर्षांपूर्वी हे गाव तगर म्हणून रोमन व्यापाऱ्यांना ठाऊक होते. त्या काळच्या एका ग्रीक प्रवासवर्णनात तगर पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर असल्याचे लिहिले आहे. तेव्हा अंतर दिवसांत मोजत, आता ते तासांत मोजतो, एवढाच फरक.

मावशी परवा तपासणीला आल्या होत्या. साखर आटोक्यात आहे. आता त्या आठला जेवतात आणि फोन जेवणानंतर घेतात. मार्चमध्ये घड्याळ पुन्हा सरकेल, तेव्हा काय करणार, असे मी विचारले. "लेकीला सांगून ठिवलंय, तुझं घड्याळ तू बघ. माझं ताट आठलाच."