शेलला अवतरणचिन्हे कशाला?

संगणक आता कामगार-संघटनेच्या कचेरीतही येऊन बसला आहे. सभासदांची यादी, वर्गणीचा हिशेब, मागण्यांचे मसुदे त्याच्याच पोटात असतात. म्हणून त्याच्याशी बोलण्याची रीत केवळ तंत्रज्ञांच्या हाती राहू नये, असे आम्हांस वाटते. त्या रीतीतील एक लहानशी बाब, अवतरणचिन्हांची, आज आपण समजून घेऊ.

युनिक्स किंवा लिनक्स पद्धतीच्या संगणकावर लेखी आज्ञा द्यावयाची ती शेल नावाच्या कार्यक्रमाकडे. बेल प्रयोगशाळेतील स्टीफन बोर्न यांचा शेल १९७९ साली बाहेर आला. आज पुष्कळ ठिकाणी चालणारा बॅश १९८९ सालचा. वारंवार लागणाऱ्या आज्ञा एका फाईलीत लिहून ठेवल्या की तिला शेल स्क्रिप्ट म्हणतात.

शेल हा गिरणीतल्या मुकादमासारखा मधला माणूस आहे. आपले म्हणणे तो जसेच्या तसे पुढे नेत नाही. आधी स्वतः त्याचा अर्थ लावतो. मोकळी जागा दिसली की शब्द तोडतो. तारका दिसली की तिच्या जागी फाईलींची नावे भरतो. डॉलरचिन्ह दिसले की पुढच्या नावाखाली साठवलेला मजकूर काढून तेथे ठेवतो. एवढे झाल्यावर मग खरी आज्ञा सुरू होते.

समजा, कचेरीत ‘जुनी यादी’ आणि ‘यादी’ अशा दोन फाईली आहेत. जुनी पुसावयाची म्हणून कारकुनाने आरएम ही आज्ञा दिली व पुढे जुनी यादी असे नुसतेच लिहिले. शेलने त्याचे दोन शब्द केले. ‘जुनी’ नावाची फाईल नाही, अशी तक्रार पडद्यावर आली, आणि ‘यादी’, म्हणजे चालू सभासदांची यादी, पुसली गेली! आरएमने पुसलेले कचऱ्याच्या टोपलीतही सापडत नाही. ही भीती काल्पनिक नव्हे. २००१ च्या नोव्हेंबरात ॲपल कंपनीच्या आयट्यून्स २ च्या स्थापनेच्या स्क्रिप्टमध्ये डिस्कच्या नावाभोवती अवतरणचिन्हे नव्हती. नावात मोकळी जागा असलेल्या काही डिस्कांवरील माहिती त्यामुळे नाहीशी झाली.

यावर उपाय तीन. एकेरी अवतरणचिन्हांतील मजकुराला शेल हातच लावत नाही. दुहेरी चिन्हांत मोकळी जागा आणि तारका सुरक्षित राहतात, पण डॉलरचिन्हाचा अर्थ कायम राहतो. म्हणून साठवलेले नाव वापरताना ते दुहेरी चिन्हांतच लिहावे. नाहीतर काढलेला मजकूर शेल पुन्हा तोडतो. तिसरा उपाय बॅकस्लॅश, म्हणजे उलटी तिरपी रेघ. ती तिच्या लगेच पुढच्या एकाच चिन्हाचा विशेष अर्थ काढून घेते.

कोणते केव्हा वापरावे? परदेशातून पन्नास डॉलर देणगी आली आणि डॉलरचिन्हापुढे इंग्रजी आकड्यांत पन्नास लिहून ते दुहेरी चिन्हांत घातले, तर शेल ‘डॉलर पाच’ म्हणजे स्क्रिप्टला दिलेली पाचवी बाब समजतो. ती बहुधा रिकामी असते; मग उरते शून्य! येथे एकेरी चिन्हे हवीत, किंवा डॉलरच्या आधी बॅकस्लॅश. उलट गोव्याकडचे डिसूझा हे आडनाव इंग्रजीत लिहिताना डी नंतर वर एक खूण येते. एकेरी चिन्हांत त्या खुणेलाच शेल शेवटचे चिन्ह समजतो आणि पुढे नवे उघडलेले बंद होण्याची वाट पाहत बसतो. तेथे दुहेरी चिन्हेच योग्य.

पुसण्याची आज्ञा देण्यापूर्वी आरएमच्या जागी एलएस, म्हणजे नुसती नावे दाखवणारी आज्ञा, देऊन पाहावी. शेलने आपले म्हणणे कसे घेतले ते तेथेच कळते. करारावर सही करण्याआधी मसुदा वाचून पाहावा, अशी शिस्त आपण सभासदांना सांगतोच. तीच येथे पाळावयाची. शेकडो माणसांच्या वर्गणीची नोंद ज्याच्या हाती आहे, त्याला ही दोन चिन्हे आलीच पाहिजेत.