दुखत नाही, म्हणून बरे आहे काय?



आमच्या परिचयाचे एक वयस्क गृहस्थ गेल्या पावसाळ्यात पायाला पट्टी बांधून भेटावयास आले. चपलेच्या तळातून वर आलेला खिळा दिवसभर त्यांच्या टाचेत रुतत होता. सायंकाळी घरातील फरशीवर रक्ताचे ठसे सूनबाईंनी पाहिले, तेव्हा कोठे जखम ध्यानात आली. "फादर, दुखलंच नाही हो. दुखलं असतं तर थांबलो नसतो का?" असे ते म्हणाले. कित्येक वर्षांच्या मधुमेहाने त्यांच्या तळपायांतील संवेदना हळूहळू हिरावून नेली होती आणि त्याचा त्यांना पत्ताही लागला नव्हता.

वेदनेपासून सुटका व्हावी, अशीच आपली सर्वांची इच्छा असते. परंतु वेदना खरोखरच नाहीशी झाली, तर आपल्या हाडांचे आणि स्नायूंचे काय होते? या प्रश्नाचे उत्तर शोधताना आपल्या देहाची विलक्षण रचनाही समजून येते.

हाडे, स्नायू आणि दोऱ्या

प्रौढ माणसाच्या शरीरात साधारणपणे २०६ हाडे असतात. त्यांपैकी ५४ हाडे केवळ दोन हातांच्या पंजांत आहेत. प्रत्येक पंजात मनगटाची ८, तळहाताची ५ आणि बोटांची १४ अशी २७ हाडे असतात. बोटांत हाडे आहेत, पण बोटे वाकविणारे मोठे स्नायू बोटांत नाहीत. ते कोपर आणि मनगट यांच्या दरम्यान असतात. तेथून कंडरा नावाच्या चिवट दोऱ्या मनगटातून बोटांच्या हाडांपर्यंत पोहोचतात. आपण मूठ वळावी आणि दुसऱ्या हाताने कोपराखालचा भाग चाचपावा. तेथील स्नायू घट्ट झालेले सहज जाणवतात.

तळहातात मात्र काही लहान स्नायू आहेत. सुईत दोरा ओवणे, लेखणी धरणे, रोझरीचा मणी बोटांनी पुढे सरकविणे ही नाजूक कामे त्यांच्यावाचून होत नाहीत. स्नायू केवळ ओढू शकतो, ढकलू शकत नाही. म्हणून वाकविणाऱ्या स्नायूला सरळ करणारा जोडीदार लागतो. या जोडीतील एक निकामी झाला, तर दुसरा अवयवाला आपल्याकडे ओढून धरतो आणि तेथूनच व्यंगाचा आरंभ होतो.

संदेश कसा जातो?

हे स्नायू स्वतःहून हालत नाहीत. त्यांना आज्ञा मिळते ती मज्जासंस्थेकडून. मेंदूतून मज्जातंतूंच्या १२ आणि पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूतून ३१ जोड्या निघतात. त्यांच्या शाखा त्वचेपर्यंत व स्नायूंपर्यंत पसरलेल्या असतात. एकाच मज्जातंतूच्या जुडग्यात दोन्ही प्रकारचे धागे असतात: त्वचेकडून वार्ता आणणारे आणि स्नायूंकडे आज्ञा नेणारे.

भाकरी उलटताना बोट तव्याला लागते, त्या क्षणी काय घडते ते पाहू. त्वचेतील टोकांना उष्णता जाणवते आणि विद्युत् स्पंदनांच्या रूपाने वार्ता मज्जारज्जूत शिरते. तेथल्या तेथे हात मागे घेण्याची आज्ञा सुटते. ती स्नायूपाशी पोहोचली की मज्जातंतूच्या टोकातून ॲसिटिलकोलिन हे रसायन स्रवते आणि स्नायू आकुंचन पावतो. मेंदूला "भाजले" हे कळेपर्यंत हात मागे आलेला असतो. सर्वांत जलद तंतूंतून संदेश सेकंदाला शंभर मीटरच्या आसपास वेगाने धावतो. मागाहून रेंगाळणारी ठणक वाहून नेणाऱ्या बारीक तंतूंचा वेग मात्र सेकंदाला एक-दोन मीटर इतकाच असतो.

वेदनेचे आणखी एक काम आपल्या लक्षातही येत नाही. बराच वेळ उभे राहिलो की आपण नकळत एका पायावरचा भार दुसऱ्यावर टाकतो. घोटा किंचित लचकला की लंगडत चालतो. टाच दुखू लागली की पाऊल वेगळे टाकतो. संवेदना गेलेला मनुष्य यांतील काहीच करीत नाही. तो त्याच जागेवर भार देत राहतो, तेथील त्वचा मरते, जखमेत जंतू शिरतात आणि अखेर हाडापर्यंत पोहोचतात. जखम नसतानाही बधिर पावलातील सांधे न कळणाऱ्या धक्क्यांनी खचू शकतात. फ्रेंच वैद्य झाँ-मार्तँ शार्को यांनी १८६८ मध्ये अशा सांध्यांचे वर्णन केले. आज हा विकार मुख्यतः मधुमेही रुग्णांत आढळतो.

कुष्ठरोगाने शिकविलेला धडा

वेदनेचे हे मोल वैद्यकशास्त्राला उमगले ते बऱ्याच अंशी कुष्ठरोग्यांच्या सेवेतून. १८७३ या वर्षी दोन घटना घडल्या. नॉर्वेतील बर्गन शहरात डॉ. हॅन्सन यांना कुष्ठरोगाचा जंतू दिसला आणि त्याच वर्षी बेल्जियमचे फादर डेमियन हवाई बेटांतील मोलोकाई येथे कुष्ठरोग्यांची सेवा करण्यासाठी दाखल झाले. १८८४ च्या अखेरीस डेमियन यांनी कढत पाण्यात पाय ठेवला. त्वचेवर फोड आले, पण वेदना झाली नाही. आपल्यालाही हा रोग जडला आहे, हे त्यांना त्यावरून उमगले. १८८९ मध्ये त्यांचे निधन झाले. २००९ मध्ये पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी त्यांना संतपद बहाल केले.

हा जंतू थंडावा पसंत करणारा आहे. म्हणून शरीराच्या पृष्ठभागाजवळून जाणाऱ्या मज्जातंतूंना तो गाठतो. कोपर आपटल्यावर करंगळीपर्यंत झिणझिण्या आणणारा अल्नर मज्जातंतू त्यांपैकी प्रमुख होय. तळहातातील बहुतेक लहान स्नायू त्याच्याच आज्ञेत असतात. तो निकामी झाला की करंगळी व तिच्या शेजारचे बोट नख्यांसारखे आत वळते आणि तो भाग बधिर होतो. गुडघ्याच्या बाहेरील बाजूचा मज्जातंतू निकामी झाला की पाऊल उचलत नाही, लोंबते. चेहऱ्याचा मज्जातंतू दुखावला की पापणी मिटत नाही आणि डोळा धोक्यात येतो.

कुष्ठरोगाने बोटे झडतात, हा समज शतकानुशतके रूढ होता. डॉ. पॉल ब्रँड १९४६ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. रुग्णांचे बारकाईने निरीक्षण करून त्यांनी दाखवून दिले की, बोटे आपोआप झडत नाहीत. बधिर हातांनी तापलेली भांडी उचलल्याने, हत्यारे गरजेपेक्षा जोराने आवळल्याने, जखमांकडे दुर्लक्ष झाल्याने ती हळूहळू झिजतात. रात्री निजलेल्या रुग्णांची बोटे उंदीर कुरतडीत आणि त्यांना जागही येत नसे. शाबूत स्नायूची कंडरा लुळ्या पडलेल्या बोटाला जोडून डॉ. ब्रँड यांनी अनेकांचे वळलेले हात पुन्हा कामास लावले. आपल्या महाराष्ट्रात बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये वरोऱ्याजवळ आनंदवन उभारले आणि अशाच हातांनी शेते पिकू शकतात, हे सिद्ध केले.

आज या रोगावर खात्रीचा इलाज आहे. बहुविध औषधोपचार सहा किंवा बारा महिने घ्यावा लागतो आणि सरकारी दवाखान्यांत तो विनामूल्य मिळतो. मज्जातंतूचे कार्य बिघडल्यापासून सहा महिन्यांच्या आत स्टेरॉइडचा उपचार मिळाला, तर गेलेली शक्ती व संवेदना परत येण्याची आशा असते. उशीर झाल्यास जंतू मरतो, पण बधिरपणा कायमचा राहतो. २००५ च्या अखेरीस देशपातळीवर रुग्णांचे प्रमाण दहा हजारांमागे एकापेक्षा खाली आले खरे, तरीही अजून दरवर्षी सुमारे एक लाख नवे रुग्ण आपल्या देशात आढळतात. जगातील निम्म्याहून अधिक नवे रुग्ण भारतातीलच असतात. लाजेपोटी चट्टा लपविणे, हेच विलंबाचे एक मोठे कारण आहे. २०१९ मध्ये कायद्यातून कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण वगळण्यात आले. आपल्या मनातून ते केव्हा वगळले जाणार?

आपण काय करावे?

अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि त्यावर स्पर्श कळत नसेल, तर संकोच न बाळगता डॉक्टरांना दाखवावे. तो खाजत नाही, दुखत नाही, म्हणून सोडून देऊ नये. न दुखणे हेच त्याचे लक्षण आहे.

मधुमेह असणाऱ्यांनी तर विशेष सावध राहावे. वाढलेली साखर मज्जातंतूंना इजा करते आणि सर्वांत लांब तंतू प्रथम दुखावतात, म्हणून बधिरपणा पायांच्या बोटांपासून सुरू होतो. रोज रात्री तळपाय पाहावेत. वाकता येत नसेल तर आरसा धरावा किंवा घरातील कोणाला पाहावयास सांगावे. पादत्राणे घालण्यापूर्वी आत हात फिरवून खडा, खिळा नाही ना, याची खात्री करावी. स्नानाच्या पाण्याचा कढतपणा पायाने न पाहता कोपराने पाहावा. अनवाणी चालण्याचा नवस किंवा व्रत बधिर पायांनी करू नये. भर दुपारच्या तापलेल्या डांबरावर पाय भाजला तरी तो तक्रार करणार नाही. वर्षातून एकदा डॉक्टरांकडून पायांच्या संवेदनेची तपासणी करून घ्यावी. तिला काही मिनिटेच लागतात.

आरंभी उल्लेखिलेल्या गृहस्थांची जखम दोन महिन्यांनी भरली. पाय वाचला. आता रोज रात्री जेवण झाल्यावर त्यांची धाकटी नात विजेरी घेऊन आजोबांचे तळपाय तपासते. जी वार्ता आजोबांचे मज्जातंतू देऊ शकत नाहीत, ती आता नात देते. आपल्याही घरी अशा वृद्धांचे पाय आज रात्री कोणीतरी पाहावेत, एवढीच आमची विनंती आहे.