निवड झाली, पत्र नाही

२०२५च्या जुलैत केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीची यादी लावली. निवड झालेले विद्यार्थी १०६. त्यांतल्या ४० जणांना तात्पुरतं निवडपत्र मिळालं. उरलेल्या ६६ जणांसाठी एक ओळ होती: निधी उपलब्ध झाला, तर पत्र देऊ. विद्यापीठाचं ऑफर लेटर हातात होतं, सत्र सप्टेंबरात सुरू होणार होतं आणि व्हिसाच्या अर्जाला जोडायला पैशाचा पुरावा नव्हता. अशा मुलामुलींना या 'तर'चं काय करायचं, हे कुणीच सांगितलं नाही.

अनुसूचित जाती, भटके-विमुक्त, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्या मुलांसाठी ही योजना आहे. ती १९५४-५५ साली सुरू झाली, म्हणजे तिला सत्तर वर्षं झाली. सत्तरी गाठलेल्या योजनेने आधी निवड करावी आणि मग तिजोरीत डोकावावं, हे बघून रायगड जिल्ह्याच्या कर्जत-खालापूर पट्ट्यातल्या कितीतरी घरांच्या पोटात कालवाकालव झाली असणार. तिथल्या नेरळसारख्या गावात हा अर्ज कसा भरायचा हे मुलांना कळू लागलं, त्याला जेमतेम दहा-बारा वर्षं झाली आहेत.

सरकारी पैशाने परदेशी शिकायला जाण्याचा महाराष्ट्रातला सर्वांत मोठा दाखला १९१३चा. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी तीन वर्षं दरमहा साडेअकरा पौंड मंजूर केले. बदल्यात करार होता: परतल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी. १९१५ला एम.ए. झालं, पुढे प्रबंध लिहून झाला, १९१६च्या ऑक्टोबरात ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इन इथे दाखल झाले. तेवढ्यात शिष्यवृत्तीची मुदत संपली. १९१७ला शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावं लागलं. नंतर सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठवले, छत्रपती शाहू महाराजांनी मदत केली, मित्र नवल भथेना यांनी कर्ज दिलं, तेव्हा कुठे १९२०ला पुन्हा लंडन गाठता आलं. डी.एस्सी. १९२३ला मिळाली. खुद्द आंबेडकरांच्या शिक्षणात शिष्यवृत्ती संपल्यामुळे तीन वर्षांचा खंड पडला, ही गोष्ट जयंतीच्या भाषणांत फारशी येत नाही. ती यायला हवी. १९४२ला व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेल्यावर त्यांनी दिलेल्या निवेदनात अनुसूचित जातींच्या मुलांच्या परदेशी शिक्षणासाठी वेगळ्या तरतुदीची मागणी होती. अर्ध्या वाटेवर पैसे संपणं म्हणजे काय, हे अनुभवलेल्या माणसाची ती मागणी होती.

स्वातंत्र्यानंतरची पहिली पाच-साडेपाच दशकं भरभर ओलांडली तरी चालतील. जागा मोजक्या, जाहिरात इंग्रजी वर्तमानपत्रात, कारभार दिल्लीत. महाराष्ट्राने २००३ साली राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती सुरू केली, तेव्हा गोष्ट पहिल्यांदा पुण्यापर्यंत आली. जागा वाढत वाढत ७५ झाल्या. विद्यापीठ जगातल्या पहिल्या तीनशेत असलं, तर शिक्षण शुल्क, विमानभाडं, निर्वाहभत्ता, विमा हे सगळं शासन भरत असे. समाजकल्याण आयुक्तालयाचा ३, चर्च पथ हा पत्ता मग शेकडो मुलांना पाठ झाला.

नेरळने खरं पाहिलं ते २०१४ ते २०२४ हे दशक.

त्याच्या सुरुवातीला स्टेशनबाहेरच्या सायबर कॅफेत बसून अर्ज डाउनलोड करावा लागे, शेवटाला तो मोबाइलवर उघडू लागला. मधल्या काळात घरात पहिल्यांदाच पदवीधर झालेली एक पिढी कोकण ज्ञानपीठाच्या कर्जतच्या कॉलेजातून, उल्हासनगरच्या आणि मुंबईच्या कॉलेजांतून बाहेर पडली. लोकलने दोन तास जायचं, दोन तास यायचं आणि त्या प्रवासातच आयईएल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेचा अभ्यास करायचा, असं ते चाले. या परीक्षेची फी आता १७-१८ हजारांवर गेली आहे आणि ती शिष्यवृत्ती मिळण्याआधी, स्वतःच्या खिशातून भरायची असते. विद्यापीठांच्या अर्जाचं शुल्क वेगळं. फुकट म्हणवणाऱ्या या वाटेवर पहिली उचल सावकाराकडून किंवा बचत गटाकडून होते, हे मंत्रालयात बसलेल्यांना ठाऊक नसेल, असं नाही.

कागदांची यात्रा त्याहून लांब. नेरळच्या मुलीला जातीचा दाखला कर्जतच्या प्रांत कार्यालयातून मिळतो, उत्पन्नाचा तहसीलमधून. जात पडताळणीसाठी आधी बेलापूरचं कोकण भवन होतं, पुढे जिल्हावार समित्या झाल्या. जिल्ह्याचं ठिकाण अलिबाग. तिथे जायचं तर नेरळहून थेट रेल्वे नाही. खोपोली-पेणमार्गे एसटीने अख्खा दिवस मोडतो. गुणपत्रिकांच्या ट्रान्स्क्रिप्टसाठी मुंबई विद्यापीठाचं कलिना. मूळ अर्ज पुण्याला. त्यात दोन जामीनदार हवेत, आणि वीटभट्टीवर किंवा नाक्यावर काम करणाऱ्या बापाच्या ओळखीत जामीन राहायला तयार असलेले दोघे सहसा नसतात.

या दशकातला एक हिशेब अजून चुकता झालेला नाही. २०१७च्या उन्हाळ्यात मुंबई विद्यापीठाने पुरेशी तयारी न करता सगळ्या उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायला घेतल्या. निकाल रखडले. राज्यपालांनी दिलेली ३१ जुलैची मुदत उलटली, विधी शाखेची मुलं तर महिनोन्‌महिने ताटकळली, ऑक्टोबरात कुलगुरू संजय देशमुख यांना पदावरून हटवण्यात आलं. कुलगुरू गेले, पण परदेशी विद्यापीठांना वेळेत गुणपत्रिका पाठवू न शकलेल्या मुलांचं ते वर्ष कुणी परत दिलं नाही. पैसेवाल्या घरातल्या मुलांनी पुढच्या वर्षी पुन्हा प्रवेश घेतला. ज्यांची सगळी मदार शिष्यवृत्तीवर होती, त्यांना नव्याने अर्ज, नव्याने दाखले, नव्याने स्पर्धा.

तरीही याच वर्षांत वातावरणात उत्साह होता, तो नोंदवायलाच हवा. मुलं एकमेकांना शिकवू लागली. उद्देशपत्र कसं लिहायचं, प्राध्यापकांकडून शिफारस कशी मागायची, कुठल्या विद्यापीठाचं शुल्क किती, हे व्हॉट्सअ‍ॅपवरच्या गटांतून गावोगाव पोहोचलं. बुलढाणा जिल्ह्यातला राजू केंद्रे ब्रिटिश सरकारची चेव्हनिंग शिष्यवृत्ती मिळवून २०२१ला लंडनच्या सोआसमध्ये गेला. त्याने उभ्या केलेल्या 'एकलव्य' संस्थेने पहिल्या पिढीतल्या कित्येक मुलांना अर्जाची वाट दाखवली. जे काम शासनाच्या प्रत्येक तालुका कार्यालयाने करायचं, ते पंचविशी-तिशीतल्या पोरांनी केलं. शासनाच्या योजनाही वाढल्या. ओबीसी आणि खुल्या गटासाठी वेगळ्या शिष्यवृत्त्या आल्या, २०२३ला राज्याच्या 'सारथी' संस्थेची ७५ जागांची योजना आली, तिला सयाजीराव गायकवाडांचंच नाव दिलं.

आणि मग दारं आवळली जाऊ लागली.

२०२०ला पहिल्या शंभर विद्यापीठांत प्रवेश मिळवणाऱ्यांनाही उत्पन्नाची अट लावण्याचा घाट राज्य सरकारने घातला, विरोध झाला, तो मागे पडला. २०२२च्या फेब्रुवारीत केंद्राने आपल्या योजनेतून भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचा समाजशास्त्रीय अभ्यास हे विषयच वगळले. हे संशोधन भारतात बसूनही करता येतं, असा युक्तिवाद होता. आंबेडकरांनी १९१६ला न्यूयॉर्कमध्ये वाचलेला निबंध भारतातल्या जातिसंस्थेविषयी होता. कोलंबियातला प्रबंध ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतिक वित्तव्यवस्थेवर आणि लंडनचा रुपयाच्या प्रश्नावर. जातीविषयी जगातल्या मोठ्या ग्रंथालयात बसून, गावकीच्या आणि खात्याच्या नजरेपासून दूर राहून विचार करता येणं, हेच तर या शिष्यवृत्तीचं खरं बळ होतं. नियम करणाऱ्यांनी नेमकं तेच काढून घेतलं.

२०२४च्या जूनमध्ये राज्याची पाळी आली. बार्टी, सारथी, महाज्योती वगैरे राज्याच्या सगळ्या संस्थांना 'समान धोरण' लावायचं म्हणून नव्या अटी आल्या: दहावी, बारावी आणि पदवीला ७५ टक्के, सर्वांना ८ लाखांची उत्पन्नमर्यादा, पदव्युत्तरसाठी ३० लाख आणि पीएच.डी.साठी ४० लाखांची कमाल रक्कम. संतापाची लाट उठली आणि टक्केवारीची अट सैल करावी लागली. पण पैशाच्या मर्यादेचा अर्थ नीट बघायला हवा. लंडनच्या इंपीरियल कॉलेजात कित्येक एम.एस्सी. अभ्यासक्रमांचं परदेशी विद्यार्थ्यांसाठीचं शुल्क ४० हजार पौंडांच्या पुढे आहे. नुसतं शुल्कच ४० लाखांहून अधिक झालं. खोलीभाडं आणि जेवण अजून धरलेलंच नाही. ब्रिटनमध्ये आरोग्य अधिभार म्हणून विद्यार्थ्याला वर्षाला ७७६ पौंड व्हिसाबरोबरच भरावे लागतात. म्हणजे उत्तम विद्यापीठात प्रवेश मिळालेल्या मुलाने वरचे दहा-वीस लाख घरून आणायचे, आणि घरचं उत्पन्न ८ लाखांच्या वर असेल तर अर्जच करायचा नाही. या दोन अटी एकत्र बसतात कशा, याचं उत्तर कुणी दिलेलं नाही.

उत्पन्नाच्या अटीचा फटका नेरळला वेगळ्या रीतीने बसतो. इथली बरीच घरं रेल्वेवर आणि खोपोलीच्या कारखान्यांवर उभी आहेत. वीस-पंचवीस वर्षं इमाने नोकरी केलेल्या रेल्वे कर्मचाऱ्याचा पगार ओव्हरटाइम आणि भत्ते धरून ही मर्यादा ओलांडतो. त्या पगारात पोराला लंडनला पाठवण्याची ऐपत मात्र येत नाही. आरक्षणाच्या आधाराने आजोबांनी नोकरी मिळवली, वडिलांनी ती टिकवली आणि तिसऱ्या पिढीने मोठी झेप घ्यायची तेव्हा कागद आडवा आला.

याच कर्जत तालुक्यातल्या कातकरी वाड्यांपर्यंत तर हे दशक पोहोचलंच नाही. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी केंद्राची वेगळी परदेश शिष्यवृत्ती आहे: देशभरात वर्षाला २० जागा, त्यांतल्या १७ अनुसूचित जमातींना आणि ३ विशेष असुरक्षित आदिम जमातींना. कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या महाराष्ट्रातल्या तीन जमाती त्यात मोडतात. तीन जागा कमी आहेतच, पण कातकरी मुलाचा अर्ज त्याच्याही बराच अलीकडे अडतो. जमातीच्या दाखल्यासाठी ६ सप्टेंबर १९५०पूर्वीचा वास्तव्याचा पुरावा लागतो. ज्या आज्याच्या नावावर जमीन नव्हती, जो शाळेत गेला नाही आणि दिवाळीनंतर सगळं बिऱ्हाड घेऊन वीटभट्टीवर जायचा, त्याचा १९५०चा कागद असणार कुठे? प्रकल्प कार्यालय पेणला, पडताळणी समिती ठाण्याला, आदिवासी विकास आयुक्तालय नाशिकला. पोराची दहावी होईपर्यंतच या तीन गावांत हेलपाटे घालून आई-बाप थकतात.

परदेशी शिकलेला माणूस गावाला काय देतो, हे नेरळला समजावून सांगण्याची गरज नाही. अमेरिकेत शिकून परतलेल्या चंद्रशेखर भडसावळे यांनी इथल्या सगुणाबागेत बिननांगरणीची भातशेती विकसित केली आणि ती महाराष्ट्रभर पोहोचली. मध्ये उल्हास नदी, एका बाजूला माथेरानचा डोंगर, दुसऱ्या बाजूला कर्जतचं भात संशोधन केंद्र. माती, पाणी, जंगल, आदिवासींचं आरोग्य, धरणांखाली गेलेल्या जमिनी, यांतला कुठलाही विषय घेऊन इथल्या मुलीने वाखेनिंगेन किंवा ससेक्स विद्यापीठात पीएच.डी. करावी, इतकं काम या पट्ट्यात पडून आहे.

तिला लागतं ते वेळापत्रक. ब्रिटनची विद्यापीठं जानेवारी ते एप्रिलमध्ये ऑफर देतात, उन्हाळ्यात अनामत मागतात, सप्टेंबरात वर्ग भरतात. सरकारी शिष्यवृत्तीचं पत्र ब्रिटिश व्हिसासाठी पैशाचा पुरावा म्हणून चालतं, बँकेत लाखो रुपये ठेवून दाखवावे लागत नाहीत. त्या एका पत्राची किंमत इतकी मोठी आहे. म्हणून जाहिरात नोव्हेंबरात निघावी, यादी मार्चअखेर लागावी आणि यादीतल्या प्रत्येकाला त्याच दिवशी पत्र मिळावं, निधीची तरतूद यादीच्या आधी झालेली असावी. यादी जुलैत आणि पत्र 'निधी असल्यास' अशी रीत राहिली, तर मुलीला प्रवेश वर्षभर पुढे ढकलावा लागतो. त्यात आयईएल्ट्सची दोन वर्षांची मुदत संपत येते, उत्पन्नाचा दाखला नव्याने काढावा लागतो, मार्गदर्शक प्राध्यापक दुसरा विद्यार्थी घेतो. केंद्राच्या अर्जावरची ३५ वर्षांची वयोमर्यादा मात्र कुणासाठी वर्षभर पुढे ढकलली जात नाही.