पडदा सुटण्याआधीचा लेझर

'डोळ्याचा पडदा सरकला' हे शब्द आपल्या कानावर येतात ते बहुधा साठीतल्या माणसाबद्दल. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन गेलेलं असतं, नाहीतर चष्म्याचा नंबर पूर्वीपासून जबर असतो. काही घरांत मात्र हा पडदा, म्हणजे दृष्टिपटल, शाळकरी वयातच सुटतो. आधी आईचा सुटलेला असतो, मग मुलाचा, मग एखाद्या मावसभावाचा. 'आमच्याकडे सगळ्यांचेच डोळे अधू' एवढं म्हणून माणसं गप्प बसतात. अशा काही घरांतल्या वारशाला नाव आहे : स्टिकलर सिंड्रोम.

गुन्नार स्टिकलर हे अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचे बालरोगतज्ज्ञ. जबर मायनस नंबर, पडदा सुटून आलेलं अंधत्व आणि तरुणपणीच कुरकुरणारे सांधे हे एकाच कुटुंबात पिढ्यान्‌पिढ्या जोडीनं चालत आल्याचं त्यांना दिसलं, आणि १९६५ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. डोळ्यांचा आणि गुडघ्यांचा संबंध काय, याचा उलगडा नंतर झाला. डोळ्याच्या पोकळीत विट्रियस नावाची पारदर्शक जेली असते. ती जवळजवळ सगळी पाणीच, पण तिला आकार देतात कोलॅजनचे बारीक धागे. त्याच जातीचं कोलॅजन सांध्यांच्या कूर्चेत असतं, कानाच्या आतल्या भागात असतं, आणि गर्भात टाळू व जबडा घडताना लागतं. त्याच्या जनुकात बिघाड झाला की या सगळ्या ठिकाणी खुणा उमटू शकतात : दुभंगलेली टाळू, आत गेलेली हनुवटी, चपटा चेहरा, नको इतके लवचीक सांधे, कमी ऐकू येणं. आई किंवा वडील यांपैकी एकाकडे बिघाड असला तरी प्रत्येक मुलात तो उतरण्याची शक्यता निम्मी.

यांतलं सगळ्यात घातक दुखणं डोळ्याचं. दृष्टिपटल मागच्या थराला पक्कं जोडलेलं असतं ते फक्त दोन ठिकाणी, डोळ्याची नस निघते तिथे आणि पुढच्या कडेला. मधला सगळा भाग नुसता टेकलेला. सदोष जेली कडेजवळ ओढ लावते आणि पडदा फाटतो. स्टिकलरमध्ये ही चीर कधीकधी घेराच्या पाव भागाहून मोठी असते. तिच्यातून पाणी मागे शिरतं आणि पडदा उलगडत जातो. असा पडदा पुन्हा बसवण्याची शस्त्रक्रिया निष्णात हातांनाही अवघड जाते. त्यात मूल तक्रार करत नाही, कारण दुसऱ्या डोळ्यानं त्याचं सगळं चाललेलं असतं. घरच्यांना कळेपर्यंत बराच उशीर झालेला असतो.

म्हणून फाटण्याआधीच कड पक्की करून टाकायची, हा विचार. प्रकाशानं पडदा चिकटवण्याची कल्पना सुचली ती ग्रहणामुळे. १९४५ च्या सूर्यग्रहणाकडे उघड्या डोळ्यांनी पाहून पडदा भाजलेला रुग्ण जर्मन डॉक्टर गेर्ड मायर-श्विकेराथ यांनी तपासला. सूर्य व्रण पाडू शकतो, तर तो व्रण आपल्या कामी का आणू नये? हॅम्बुर्गमध्ये त्यांनी आरशांनी ऊन वळवून रुग्णांच्या डोळ्यांत सोडलं. जर्मनीतल्या ढगाळ हवेत हे किती दिवस चालणार! पुढे झेनॉनचा दिवा आला आणि १९६० नंतर लेझर. तत्त्व तेच राहिलं. लेझर डिंकासारखा लगेच चिकटवत नाही. तो बारीक चटके देतो आणि दोनेक आठवड्यांत तयार होणारा व्रण पडदा धरून ठेवतो. मोठ्या माणसांना हे थेंबांची भूल देऊन करता येतं, लहान मुलांना पूर्ण भूल द्यावी लागते.

कड आधीच पक्की करण्याचा सर्वांत भक्कम अनुभव इंग्लंडमधल्या केंब्रिजचा, आणि गंमत म्हणजे तो लेझरचा नाहीच. तिथे कडेला चारही बाजूंनी अतिथंड उपकरण टेकवून, म्हणजे क्रायोनं, तोच व्रण तयार करतात. २०१४ मध्ये त्यांनी स्टिकलरच्या 'टाइप वन' या प्रकारातल्या रुग्णांचे आकडे मांडले. प्रतिबंधक उपचार न झालेल्यांपैकी ५३.६ टक्क्यांचा पडदा सुटला होता. दोन्ही डोळ्यांना उपचार झालेल्यांत हे प्रमाण होतं ८.३ टक्के. हा अभ्यास जुन्या नोंदींवरचा, चिठ्ठ्या टाकून रुग्णांचे दोन गट पाडून केलेला नव्हे, हा आक्षेप खरा आहे. इतर केंद्रं हेच काम लेझरनं करतात, आणि चटके नेमके कुठे व किती रुंद पट्ट्यात द्यायचे यावर त्यांचं एकमत नाही. तरीही निदान पक्कं असेल, तर एवढी तफावत दिसत असताना नुसतं वाट पाहत बसणं मला पटत नाही. उपचारानंतरही शंभरात आठांचा पडदा सुटला, हेही विसरू नये. नंबर यानं कमी होत नाही, आणि तपासण्या आयुष्यभर सुटत नाहीत.

मात्र आनुवंशिक म्हटलं की लेझर, असंही नाही. मुलग्यांना होणाऱ्या रेटिनोस्किसिसमध्ये पडद्याचेच थर विलग झालेले असतात. तिथे प्रतिबंधक लेझरनं उलट अपाय होऊ शकतो. आणि 'लॅटिस' हा कडेचा विरळपणा शंभरात सहा-आठ जणांना असतो; त्यांतल्या बहुतेकांचा पडदा कधीच सुटत नाही. तेव्हा लॅटिस सापडलं म्हणून घाईनं लेझरच्या खुर्चीत बसण्याआधी, 'माझ्या बाबतीत कशासाठी?' हे डॉक्टरांना जरूर विचारा.

आपल्याकडे दुभंगलेल्या टाळूची शस्त्रक्रिया झालेली मुलं पुष्कळ आहेत. त्यांच्यापैकी कोणाला लहानपणीच मोठा मायनस नंबर लागला असेल, किंवा घरात कोणाचा पडदा कमी वयात सुटला असेल, तर चष्म्याच्या दुकानातल्या तपासणीवर थांबू नका. बाहुल्या मोठ्या करून रेटिनाच्या डॉक्टरांकडून पडद्याची कड तपासून घ्या, आणि निदान झालं तर भावंडांना व आईवडिलांनाही त्याच आठवड्यात घेऊन जा. डोळ्यासमोर अचानक चमकलं, काळे ठिपके वाढले किंवा कडेनं सावली आल्यासारखी वाटली, तर मात्र आठवड्याचीही वाट पाहू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.