अल्प खर्चाचा बदलता दाबनियामक

घरातील लहानसहान विद्युत् उपकरणांची भूक सारखी नसते. दोन सेलवरील ट्रान्झिस्टरला ३ व्होल्ट पुरतात, चार सेलच्या टेपरेकॉर्डरला ६ व्होल्ट लागतात, तर काही उपकरणे ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी मागतात. सेल विकत घेण्याचा खर्च तर आहेच. शिवाय सेल वापरला जाऊ लागला की त्याचा दाबही उतरत जातो. विज्ञान प्रदर्शनासाठी विद्यार्थ्याने सकाळी घेतलेली मापे दुपारी जुळत नाहीत, त्याचे कारण पुष्कळदा प्रयोगात नसून सेलमध्ये असते. हवा तो दाब देणारे आणि तो स्थिर राखणारे एक साधन अगदी थोड्या खर्चात घरी तयार करता येते. त्याची माहिती येथे दिली आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करणे इष्ट होईल. फ्रिज किंवा दूरचित्रवाणी संचाजवळ ठेवतात तो स्टॅबिलायझर म्हणजे हे साधन नव्हे. तो घरात येणारा २३० व्होल्टचा प्रत्यावर्ती दाब सांभाळतो व त्याची रचना वेगळी असते. प्रस्तुत साधन केवळ एकदिश विद्युत् प्रवाहासाठी असून त्याचे काम साधारण सव्वा ते दहा व्होल्टच्या मर्यादेत चालते.

या साधनाचा प्राण म्हणजे तीन पायांचा एक छोटा आयसी. अमेरिकेतील नॅशनल सेमिकंडक्टर या कंपनीत असताना रॉबर्ट डॉबकिन यांनी १९७६ साली त्याची रचना केली. ‘एल.एम. ३१७’ या नावाने तो आजही सर्वत्र मिळतो आणि त्याची किंमत पन्नास रुपयांच्या आतच असते. मुंबईचा लॅमिंग्टन रस्ता, पुण्याची तपकीर गल्ली किंवा हैदराबादची कोठी येथे तर तो हमखास मिळेल. पण लहान शहरातील रेडिओ दुरुस्तीच्या दुकानातही तो बहुधा असतोच. मात्र दुकानात जाताना परिभाषा कोशातील ‘धारित्र’ आणि ‘रोधक’ हे शब्द घरीच ठेवलेले बरे. तेथे ‘कंडेन्सर’ आणि ‘रेझिस्टन्स’ म्हटल्यावाचून वस्तू हाती पडत नाही.

या आयसीचे तत्त्व मोठे सुटसुटीत आहे. आपला मधला पाय (आउटपुट) आणि डावा पाय (अ‍ॅडजस्ट) यांच्यामध्ये तो नेहमी सव्वा व्होल्टचाच फरक राखतो. या दोन पायांमध्ये १२० ओहमचा रेझिस्टन्स जोडला की त्यातून सुमारे १० मिलिअँपिअर प्रवाह वाहू लागतो. हाच प्रवाह पुढे डाव्या पायापासून ऋण तारेपर्यंत जोडलेल्या १००० ओहमच्या फिरत्या रेझिस्टन्समधून, म्हणजे व्हॉल्यूम कंट्रोलसारख्या ‘पॉट’मधून, जातो. पॉट शून्यावर असेल तर बाहेर सव्वा व्होल्ट मिळतात. पॉट फिरवून त्याचा रोध वाढवला की त्याच्यावरील दाब वाढतो आणि तितकाच बाहेरचा दाब चढतो. रोध १६८ ओहम झाला की ३ व्होल्ट, ४५६ झाला की ६ व्होल्ट आणि ७४४ झाला की ९ व्होल्ट. उपकरण कमी प्रवाह घेवो वा अधिक, आयसी आपल्या मर्यादेत हा दाब ढळू देत नाही.

आता मूळ वीज कोठून घ्यावयाची? जुन्या पुस्तकांतून ट्रान्सफॉर्मर, चार डायोड आणि मोठा कंडेन्सर जोडून २३० व्होल्टवरून वीज घेण्याची कृती दिलेली असते. ती चुकीची नाही. पण नवशिक्याने, विशेषतः शाळकरी मुलाने, त्या वाटेला जाऊ नये. सोल्डरचा एक कच्चा डाख किंवा उघडी राहिलेली एक तार येथे जिवावर बेतू शकते. आज त्याची गरजही उरलेली नाही. बंद पडलेल्या सेट-टॉप बॉक्सचा किंवा मोडेमचा १२ व्होल्ट, १ अँपिअरचा अ‍ॅडॅप्टर अनेक घरांत कपाटात पडून असतो. त्यावर भारतीय मानक चिन्ह आहे, आवरण फुटलेले नाही आणि तार कुरतडलेली नाही एवढे पाहून घ्यावे. धोक्याचा सारा भाग त्या बंद डबीतच राहतो आणि हाताशी फक्त १२ व्होल्ट येतात.

छापील बाजू आपल्याकडे आणि पाय खाली करून आयसी धरला असता उजवा पाय इनपुटचा असतो. अ‍ॅडॅप्टरची धन तार त्याला जोडावी. धन कोणती हे रंगावरून न ठरवता मल्टिमीटरने पाहावे. मधल्या पायापासून बाहेर जाणारी धन तार निघते. ऋण तार अ‍ॅडॅप्टरपासून सरळ बाहेर जाते. उजवा पाय व ऋण तार यांमध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा आणि मधला पाय व ऋण तार यांमध्ये १० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर लावावा. दुसऱ्याची ऋण खूण असलेली बाजू ऋण तारेकडेच हवी. मधल्या पायापासून उजव्या पायाकडे ‘४००७’ क्रमांकाचा डायोड, पट्ट्याचे टोक उजव्या पायाकडे ठेवून, जोडल्यास बाहेरून उलट येणाऱ्या प्रवाहापासून आयसीचे रक्षण होते. अ‍ॅडॅप्टर सोडून सर्व सामान साधारण दोनशे रुपयांत येते.

आयसी स्वतःसाठी सुमारे दोन व्होल्ट ठेवून घेतो, म्हणून १२ व्होल्टमधून दहाच्या वर अपेक्षा करू नये. उरलेल्या दाबाचे काय होते, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. तो उष्णतेत जातो. ३ व्होल्टवर ०.३ अँपिअर घेणाऱ्या उपकरणाला ०.९ वॉट मिळतात आणि आयसीत २.७ वॉट जळतात, म्हणजे उपकरणाच्या तिप्पट! काटकसरीच्या दृष्टीने हा हिशेब फारसा भूषणावह नाही. परंतु एवढ्या लहान कामासाठी तो सोसण्याजोगा आहे. मात्र यामुळे आयसीला अ‍ॅल्युमिनियमचा हीटसिंक लावणे अनिवार्य ठरते. त्याच्या अंगी अति तापल्यास स्वतःहून बंद होण्याची सोय आहे, परंतु तिच्या भरवशावर राहू नये. आयसीची धातूची पाठ आतून मधल्या पायाला जोडलेली असते. तेव्हा हीटसिंक ऋण तारेला किंवा धातूच्या पेटीला लागू देऊ नये. मध्ये अभ्रकाची चकती घालावी.

सर्वांत अधिक हानी करतो तो पॉट. त्याच्यातील सरकता स्पर्श काही वर्षांत झिजतो, क्षणभर सुटतो आणि ३ व्होल्टच्या रेडिओवर एकदम दहा व्होल्ट येऊन पडतात. म्हणून एखादे उपकरण कायम जोडावयाचे असल्यास पॉट काढून त्याच्या जागी मोजून घेतलेला ठराविक रेझिस्टन्स लावावा. पॉट ठेवावयाचाच असेल तर त्याचा मधला पाय एका टोकाच्या पायाला जोडून दोन्ही ऋण तारेला लावावेत आणि दुसरे टोक आयसीच्या डाव्या पायाला. स्पर्श सुटल्यावर दाब चढणे याने टळत नाही, परंतु डावा पाय अधांतरी राहत नाही. भ्रमणध्वनी भारित करण्यासाठी तर पॉटचे साधन वापरूच नये. चुकून लागलेला एक धक्का महागात पडेल.

प्रत्येक वेळी आधी मल्टिमीटरने दाब पाहावा, मग अ‍ॅडॅप्टर बंद करून उपकरण जोडावे व पुन्हा सुरू करावे. जुन्या ट्रान्झिस्टरवर धन-ऋणाची खूण नीट वाचावी, कारण बाहेरच्या विजेच्या छिद्रात मधली पिन काहींत धन तर काहींत ऋण असते. आकाशवाणीचे मध्यमलहरी केंद्र ऐकताना खरखर येऊ लागली तर दोष नियामकाचा समजू नये. ती अ‍ॅडॅप्टरमधून येते आणि हा आयसी ती पुरती गाळू शकत नाही. अ‍ॅडॅप्टर रेडिओपासून हातभर दूर ठेवला की ती बहुधा कमी होते.