माजघरापर्यंत पोहोचणारे बिनतारी जाळे

नळपाणी योजनेची टाकी भरली म्हणजे गावातील शेवटच्या घराच्या नळाला पाणी आले असे होत नाही, हा अनुभव ग्रामपंचायतीच्या कारभाराशी संबंध आलेल्या प्रत्येकास आहे. वाटेतील नळाची रुंदी, जमिनीचा चढउतार आणि गळती यांवर शेवटच्या घराचे पाणी अवलंबून असते. इंटरनेटच्या बाबतीतही नेमके हेच घडते. राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर जाळ्याच्या योजनेस केंद्र सरकारने २०११ मध्ये मान्यता दिली. २०१५ पासून ती ‘भारतनेट’ या नावाने ओळखली जाते. ग्रामपंचायतींपर्यंत काचतंतूंची तार नेणे हा तिचा हेतू. पुढे खाजगी व सार्वजनिक कंपन्यांच्या जोडण्यांद्वारे हीच तार अनेक घरांच्या दारापर्यंत आली. तथापि दारापासून माजघरापर्यंतचे उरलेले पंधरावीस हातांचे अंतर ओलांडण्याचे काम बिनतारी लहरींवर सोपविलेले असते, आणि पुष्कळदा गाडी अडते ती याच ठिकाणी.

या अडचणीला एक सामाजिक बाजूही आहे. तार घरात शिरते ती बहुधा पुढच्या बाजूने. त्यामुळे राउटर बसतो ओसरीवर किंवा बैठकीच्या खोलीत. स्वयंपाकघर, माजघर, मुलींची अभ्यासाची जागा ही सर्व मागच्या बाजूस. परिणाम असा होतो की, ज्या घरात जोडणीचे पैसे दरमहा भरले जातात, त्याच घरातील गृहिणीला आणि विद्यार्थिनीला तिचा उपयोग सर्वांत कमी मिळतो. शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्यासाठी रात्रीच्या वेळी ओट्यावर येऊन बसावे लागणे ही केवळ गैरसोय नव्हे. घरात आलेल्या सोयीचे वाटप विषम झाले आहे, असाच त्याचा अर्थ होतो. या दोषाचे निवारण कसे करता येईल, आणि त्यासाठी अलीकडे प्रचारात आलेली ‘मेश’ म्हणजे जाळीदार रचना कितपत उपयोगी आहे, हे समजून घेणे म्हणूनच अगत्याचे ठरते.

लहरींचा प्रवास

घरगुती बिनतारी इंटरनेट मुख्यतः दोन पट्ट्यांतील रेडिओलहरींवर चालते. २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यातील लहरींची लांबी सुमारे १२ सेंटिमीटर, तर ५ गिगाहर्ट्झ पट्ट्यातील लहरींची सुमारे साडेपाच सेंटिमीटर असते. पहिल्या प्रकारच्या लहरी भिंतींतून अधिक चांगल्या पार होतात, परंतु त्यांची माहिती वाहून नेण्याची क्षमता कमी असते. दुसऱ्या प्रकारच्या लहरी वेगवान खऱ्या, पण भिंत आली की लवकर थकतात.

मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झाले की लहरींचे बळ चौथाईवर येते. घरात त्यात भिंतींची भर पडते. विटांच्या साध्या भिंतीपेक्षा लोखंडी सळया घातलेला काँक्रीटचा स्लॅब अधिक अडथळा करतो. देशावरील जुन्या वाड्यांच्या दोन-दोन हात रुंद दगडी भिंती आणि कोकणातील जांभ्याच्या चिऱ्यांची जाड बांधणी यांतून लहरी फार क्षीण होऊन बाहेर पडतात. लोखंडी कपाट, पत्र्याचे छप्पर, आरसा आणि पाण्याची टाकी यांच्या आड ठेवलेला राउटर तर स्वतःच्याच घराला पारखा होतो.

लहरींचे बळ मोजण्याचे परिमाण डेसिबलमध्ये असून ते ऋण संख्येने दाखवितात. शून्याच्या जितके जवळ तितके बळ अधिक. उणे ५० हे उत्तम, उणे ६५ च्या आसपास चित्रसंभाषण नीट चालते आणि उणे ८० पाशी जोडणी जवळपास निरुपयोगी होते. दर ३ डेसिबलला बळ निम्मे होते आणि दर १० डेसिबलला एक दशांश. म्हणजे ओसरीवरील उणे ५० आणि स्वयंपाकघरातील उणे ८० यांत बळाचा फरक हजारपटीचा असतो! हे मापन दाखविणारी विनामूल्य साधने मोबाइल फोनवर उपलब्ध आहेत.

उपचारापूर्वी निदान

खर्चाला हात घालण्यापूर्वी एक साधी चाचणी अवश्य करावी. प्रथम राउटरच्या शेजारी उभे राहून वेग मोजावा, नंतर मागच्या खोलीत जाऊन तोच वेग पुन्हा मोजावा. समजा, जोडणी ४० मेगाबिटची आहे. राउटरजवळ ३८ आणि माजघरात ३ असा आकडा आला, तर दोष भिंतींचा आहे. अशा वेळी १०० मेगाबिटची महाग योजना घेऊन काहीही साधत नाही. उलट राउटरजवळच ५ चा आकडा आला, तर दोष येणाऱ्या तारेत, सेवेत किंवा खुद्द राउटरमध्ये आहे. तेथे घरात कितीही उपकरणे बसविली तरी उपयोग नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार?

दोष भिंतींचा ठरल्यासही पहिला उपाय बिनखर्चाचा आहे. राउटर जमिनीवर, कपाटात किंवा दूरदर्शन संचामागे न ठेवता घराच्या मध्यभागी, डोक्याच्या उंचीवर, मोकळ्या जागी ठेवावा. आतली तार थोडी लांबवून हे बहुधा साधते. दाट वस्तीत, विशेषतः चाळींत व सदनिकांत, शेजाऱ्यांचे राउटर एकाच वाहिनीवर बोलत असल्यामुळे गोंगाट होतो. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात १, ६ आणि ११ या तीनच वाहिन्या एकमेकींवर न पडणाऱ्या असल्याने, त्यांतील कमी गर्दीची निवडावी. एवढ्याने भागले तर नवी खरेदी करण्याचे कारण उरत नाही.

जाळे म्हणजे काय?

या उपायांनी भागत नसेल, घर लांबट असेल, दुमजली असेल किंवा भिंती फार जाड असतील, तर जाळीदार रचनेचा विचार करावा. तिच्यामागील कल्पना जुनी आहे. अमेरिकेतील रँड संस्थेत काम करणारे पॉल बॅरन यांनी १९६४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लिखाणात दळणवळणाच्या रचनांची तीन चित्रे मांडली होती. पहिल्या चित्रात सर्व धागे एका मध्यबिंदूला जोडलेले, दुसऱ्यात अनेक लहान केंद्रे आणि तिसऱ्यात कोळ्याच्या जाळ्याप्रमाणे प्रत्येक गाठ शेजारच्या अनेक गाठींना बांधलेली. जाळ्याची एक गाठ तुटली तरी मासळी निसटत नाही, त्याप्रमाणे या तिसऱ्या रचनेत एक केंद्र बंद पडले तरी संदेश दुसऱ्या वाटेने जातो. १९७१ मध्ये हवाई विद्यापीठाने बेटाबेटांवरील संगणक रेडिओलहरींनी जोडले. बिनतारी स्थानिक जाळ्यांचे पहिले आंतरराष्ट्रीय मानक १९९७ मध्ये निश्चित झाले आणि त्यातील जाळीदार रचनेचे कलम २०११ मध्ये संमत झाले.

घरगुती संचात बहुधा दोन किंवा तीन केंद्रे असतात. त्यांतील एक बाहेरून येणाऱ्या तारेला जोडतात. उरलेली केंद्रे त्याच्याकडून लहरी घेऊन पुढच्या खोल्यांना पुरवितात. सर्व केंद्रांचे नाव आणि परवलीचा शब्द एकच असतो, त्यामुळे ओसरीवरून परसदारी जाताना फोन एका केंद्राकडून दुसऱ्याकडे आपोआप सोपविला जातो. मात्र हा बदल केव्हा करावयाचा, याचा अंतिम निर्णय फोनच घेतो. काही जुने फोन दूरच्या केंद्राला चिकटून बसतात, तो दोष जाळ्याचा नसतो.

स्वस्त मिळणारा ‘रिपीटर’ आणि हे जाळे यांत फरक आहे. एकच रेडिओ असलेला रिपीटर एका वेळी ऐकू शकतो किंवा बोलू शकतो, म्हणून प्रत्येक टप्प्यावर त्याची वहनक्षमता जवळपास निम्मी होते. चांगल्या जाळीदार संचात केंद्रांच्या आपसातील बोलण्यासाठी स्वतंत्र रेडिओ असतो. तरीही हा फरक तारतम्याने पाहावा. केंद्रांमधील दुवा २०० मेगाबिटचा असेल आणि तो निम्मा होऊन १०० झाला, तरी ४० मेगाबिटची जोडणी असलेल्या कुटुंबाला त्याची झळ लागत नाही. टप्पे तीन-चार झाले म्हणजे मात्र ती लागते.

केंद्रांची जागा

या पद्धतीत होणारी सर्वांत सामान्य चूक म्हणजे दुसरे केंद्र जेथे लहरी मुळीच पोहोचत नाहीत तेथेच नेऊन बसविणे. कोरड्या विहिरीवर मोट लावण्यासारखेच हे आहे. त्या केंद्रालाच काही मिळत नसेल, तर ते पुढे देणार काय? दुसरे केंद्र पहिले केंद्र आणि अडचणीची खोली यांच्या मधोमध, जेथे बळ अजून उणे ६५ च्या आसपास आहे, अशा ठिकाणी असावे. भिंतीपेक्षा दाराची चौकट किंवा जिन्याची मोकळी जागा समोर येईल असे पाहावे.

शक्य असेल तेथे केंद्रे परस्परांना तारेने जोडणे हा सर्वोत्तम मार्ग होय. साधी तांब्याची जाळेतार १०० मीटरपर्यंत काम देते. दगडी वाड्यात एका भोकातून नेलेली एक तार दोन महागड्या केंद्रांचे काम करते. ओळीने सहा वर्ग असलेल्या शाळेचे उदाहरण घेऊ. राउटर एका टोकाच्या कार्यालयात आहे. तेथून व्हरांड्याच्या आढ्यालगत तार नेऊन तिसऱ्या आणि पाचव्या वर्गात एकेक केंद्र बसविले, तर सहाही वर्गांना सारखी सोय होते. मात्र दोन स्वतंत्र इमारतींमध्ये उघड्यावरून तांब्याची तार नेऊ नये. पावसाळ्यात विजेच्या धक्क्याने दोन्ही टोकांची उपकरणे जळण्याचा संभव असतो. तेथे काचतंतूची तारच योग्य.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. सेवा देणाऱ्या कंपनीची पेटी आणि नवे मुख्य केंद्र ही दोन्ही उपकरणांना पत्ते वाटू लागली, तर एकाच आळीतील घरांना दोन कारकुनांनी वेगवेगळे क्रमांक दिल्यासारखा घोटाळा होतो. म्हणून दोहोंपैकी एकाचेच हे काम चालू ठेवावे. कंपनीची पेटी ‘ब्रिज’ पद्धतीवर लावून घेतली की हे साधते.

वीज, सुरक्षितता आणि कायदा

जाळ्यातील प्रत्येक केंद्राला अखंड वीज लागते. भारनियमनाच्या वेळी राउटरला बॅटरी आहे पण मधल्या केंद्राला नाही, अशी स्थिती असेल तर माजघर पुन्हा अंधारातच. बरीचशी घरगुती केंद्रे १२ व्होल्टवर चालतात आणि त्यांच्यासाठी छोट्या बॅटरीपेट्या मिळतात. केंद्रांच्या खर्चाबरोबरच त्यांचाही हिशेब मांडावा.

परवलीचा शब्द लांब व न तर्कता येणारा असावा आणि कारखान्यातून आलेला शब्द पहिल्याच दिवशी बदलावा. ग्रामपंचायत व शाळा यांनी पाहुण्यांसाठी वेगळे नाव ठेवणे इष्ट, म्हणजे दप्तराचा संगणक आणि आगंतुकाचा फोन एकाच जाळ्यात येणार नाहीत.

या लहरींच्या वापरासाठी नागरिकाला परवाना काढावा लागत नाही. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ च्या नियमांनी आणि ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातील ६०५ मेगाहर्ट्झ २०१८ च्या नियमांनी, ठरावीक शक्तीच्या मर्यादेत, परवानामुक्त करण्यात आले. मोबाइल फोनच्या लहरी वाढविणारे ‘बूस्टर’ ही मात्र सर्वस्वी वेगळी वस्तू असून, ती विनापरवाना बसविणे बेकायदेशीर आहे. अशा यंत्राने शेजारच्या मनोऱ्याच्या कामात अडथळा येऊन साऱ्या वस्तीचे फोन बिघडू शकतात. दुकानदाराच्या आग्रहाला बळी पडून या दोहोंत गल्लत होऊ देऊ नये.

घरापासून गावापर्यंत

जी रचना एका घरात चालते, ती वाढवीत नेली तर गावालाही उपयोगी पडते, असा अनुभव आहे. स्पेनमधील कॅटलोनिया प्रांतात २००४ मध्ये ग्रामीण भागातील रहिवाशांनी ‘गुइफी’ नावाचे सामाईक बिनतारी जाळे सुरू केले. पुढे त्याची केंद्रे हजारोंच्या संख्येने वाढली. आपल्याकडे मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेने ‘ग्राम मार्ग’ प्रकल्पाद्वारे पालघर जिल्ह्यातील गावांत बिनतारी दुव्यांनी इंटरनेट नेण्याचे प्रयोग केले, आणि २०१७ मध्ये या प्रकल्पास मोझिला संस्थेच्या स्पर्धेत पहिले पारितोषिक मिळाले. डिसेंबर २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मान्य केलेल्या ‘पीएम-वाणी’ योजनेनुसार छोट्या दुकानदारालाही परवाना शुल्काशिवाय सार्वजनिक बिनतारी केंद्र चालविता येते.

या सर्व प्रयत्नांचे सार एकच आहे. तार कोठपर्यंत आली हे जसे महत्त्वाचे, तसेच तिचा लाभ कोणापर्यंत पोहोचला हेही महत्त्वाचे. शिक्षकांनी आपल्या शाळेतील शेवटच्या वर्गात, पंचायत सदस्यांनी आपल्या कार्यालयाच्या मागच्या खोलीत आणि प्रत्येक कुटुंबप्रमुखाने आपल्या स्वयंपाकघरात उभे राहून एकदा वेग मोजून पाहावा. या कामास पाच मिनिटे पुरतात. पुष्कळदा एवढ्यानेच असे ध्यानात येईल की, गरज अधिक महाग जोडणीची नसून, ओसरीवरील राउटर चार पावले आत सरकविण्याची आहे. जेथे तेवढ्याने भागणार नाही, तेथे योग्य जागी बसविलेली एक-दोन केंद्रे माजघरातल्या मुलीचा ओट्यापर्यंतचा हेलपाटा कायमचा वाचवू शकतील.