संमतिवयाचा आंकडा

कायद्याच्या पुस्तकांतील आंकडा वरवर पाहतां निर्जीव दिसतो. परंतु त्याच्यामागें कधीं कधीं एखाद्या बालिकेचें मरण उभें असतें. इ. स. १८६० च्या दंडसंहितेनें मुलीचें संमतिवय दहा वर्षें ठरविलें होतें. तें वय उलटलेल्या पत्नीवर पतीनें बळजबरी केली, तरी कायद्याच्या दृष्टीनें तो बलात्कार नव्हे.

१८९० सालीं कलकत्त्यास फुलमणी दासी ही बालवधू पतीच्या अत्याचारानें मरण पावली. तिला दहा वर्षें पूर्ण झालेलीं होतीं. त्यामुळें पस्तिशीच्या सुमाराच्या त्या पतीवर बलात्काराचा गुन्हा लागूं शकला नाहीं. हयगयीच्या कृत्यानें जबर दुखापत केल्याबद्दल त्यास अवघी एक वर्षाची सक्तमजुरी झाली.

बेहरामजी मलबारी यांच्या चळवळीस यानें धार आली, आणि मार्च १८९१ मध्यें ही मर्यादा बारा वर्षांची झाली. महाराष्ट्रांत त्या वेळीं केवढें वादळ उठलें! डॉ. भांडारकरांनीं धर्मशास्त्रांतील वचनें दाखवून विधेयकास पाठिंबा दिला. उलट परक्या सरकारनें कायद्याच्या जोरावर समाजसुधारणा करूं नये, असें म्हणून टिळकांनीं विरोध केला.

पुढें मर्यादा वाढत गेली, पण तिला दोन फांटे फुटले. १९२५ मध्यें घराबाहेर चौदा, तर पत्नीस तेरा. १९४९ मध्यें सोळा आणि पंधरा. २०१२ च्या बालसंरक्षण कायद्यानें मुलगा असो वा मुलगी, अठरा वर्षांपर्यंत संरक्षण दिलें. तरीही दंडसंहितेंत पत्नीचें वय पंधराच राहिलें. ही विसंगति सर्वोच्च न्यायालयानें २०१७ मध्यें दूर केली. १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या न्यायसंहितेंत पत्नीसही अठरा हाच आंकडा आहे.

परंतु नुसत्या आंकड्यानें रक्षण होत नाहीं. मुलाला निर्भयपणें बोलतां आलें पाहिजे. म्हणून २०१२ च्या कायद्यान्वयें त्याचा जबाब त्याच्या घरीं किंवा त्याच्या पसंतीच्या जागीं घ्यावयाचा असतो. त्या वेळीं पोलीस अंमलदारानें गणवेश घालावयाचा नाहीं. साक्षीच्या वेळीं आरोपी मुलाच्या दृष्टीस पडतां कामा नये. शिवाय गुन्हा ठाऊक असून जो कळवीत नाहीं, तोही शिक्षेस पात्र होतो. घरची गोष्ट घरांतच राहावी, ही सबब कायद्यानें आतां कोणाही प्रौढास ठेवलेली नाहीं.